टी-पेशीने प्रतिजन ओळखला का? रक्ताच्या नळीपासून टेट्रामरपर्यंत, नागपूरच्या लॅबसाठी टप्प्याटप्प्याने

टी-पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) चाचण्यांत ‘निगेटिव्ह’ म्हणून वहीत चढलेले पुष्कळ निकाल मुळात पेशींचा निकालच नसतात. रक्त मे महिन्याच्या उन्हात गाडीत तापलेलं असतं, फायकॉलची (रक्तातल्या पेशी वेगळ्या करायच्या जड द्रवाची) बाटली टेबलावर ३६ अंशांवर उभी असते, पेप्टाइडच्या (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांच्या) मिश्रणामुळे चाचणीच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) डीएमएसओ हा विद्रावक १ टक्क्यावर गेलेला असतो. पेशी आधीच अर्धमेल्या झालेल्या असतात आणि ठपका मात्र प्रतिजनावर, म्हणजे पेशींनी ओळखायच्या पदार्थावर, बसतो. उलट चूकही तितकीच होते. चार-सहा स्पॉट (प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे ठिपके) जास्त दिसले की ‘हे पेप्टाइड ओळखलं गेलं’ असं लिहून मोकळं व्हायचं. कोणत्या पेशीने, कोणत्या एचएलएमधून (पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड मांडणाऱ्या रेणूतून), किती कमी मात्रेला, हे विचारायचंच नाही.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या रुग्णालयांत किंवा विद्यापीठाच्या विभागात ही चाचणी नव्याने उभी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी हा लेख आहे. पायाभूत पद्धत म्हणून इंटरफेरॉन-गॅमा एलिस्पॉट घेतली आहे; जाग्या झालेल्या पेशीने सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशप्रथिन ती पडद्यावर ठिपक्याच्या रूपात पकडते. ती कमी पेशींत होते, त्यासाठी महागडं फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) लागत नाही आणि ती करताना झालेल्या चुका डोळ्यांना दिसतात. पुढची खात्री फ्लो आणि टेट्रामरने (चार पेप्टाइड-एचएलए जोड्या एकत्र बांधलेल्या, रंग लावलेल्या रेणूने) करायची.

## आधी ठरवा: तुमचा प्रश्न कोणता?

टी-पेशीचा ग्राही, म्हणजे टीसीआर, मोकळा प्रतिजन ओळखत नाही. एचएलएच्या खाचेत बसलेला पेप्टाइडचा तुकडा तो ओळखतो. टी-पेशींचे दोन मुख्य प्रकार म्हणजे सीडी८ आणि सीडी४. सीडी८ पेशींसाठी हा तुकडा साधारण ८ ते ११ अमिनो आम्लांचा, बहुधा ९ चा असतो आणि तो एचएलए वर्ग १ वर बसतो. सीडी४ पेशींसाठी तो लांब असतो, साधारण १३ ते १८ अमिनो आम्लांचा, आणि वर्ग २ वर बसतो. त्यामुळे ‘ओळख’ हा एक प्रश्न नाही, तीन आहेत:

१. या दात्याच्या रक्तात या पेप्टाइडला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत का? त्यासाठी एलिस्पॉट.
२. त्या सीडी४ आहेत की सीडी८, आणि कोणत्या एचएलएमधून बघतात? त्यासाठी पेशीअंतर्गत सायटोकाइन रंगवणी (पेशीतलं संदेशप्रथिन रंगवून बघणं) आणि एचएलए अडवणारी ब्लॉकिंग अँटिबॉडी.
३. ग्राही खरोखर या पेप्टाइड-एचएलए जोडीलाच बांधला जातो का? त्यासाठी टेट्रामर, किंवा तो टीसीआर रिपोर्टर पेशीत (ग्राही जागा झाला की प्रकाश देणाऱ्या पेशीत) घालून केलेली चाचणी.

पहिल्याचं उत्तर हाती असताना तिसऱ्याचा दावा करणं ही या क्षेत्रातली सगळ्यांत नेहमीची चूक. म्हणून कुठवर जायचं आहे ते रक्त घेण्याआधी लिहून ठेवा, कारण रक्त किती लागेल ते त्यावर ठरतं. १० मिली रक्तातून साधारण १ कोटी पीबीएमसी (एककेंद्रकी पांढऱ्या पेशी, ज्यांत टी-पेशी येतात) मिळतात, काही दात्यांत कमी. एलिस्पॉटच्या एका वेलला २ लाख पेशी लागतात. प्रत्येक गोष्ट तीन वेलमध्ये घेतली आणि दहा गोष्टी तपासल्या तर ६० लाख पेशी तिथेच गेल्या. टेट्रामरही करायचा असेल तर १० मिलीत भागणार नाही.

नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती आधीच हातात हवी. एचएलए टायपिंगसाठी रक्त वापरणार असाल तर संमतीपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. मानवी रक्ताचं काम वर्ग २ च्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून करायचं, आणि काम करणाऱ्याने हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी.

## टप्पा १: खोली, इन्क्युबेटर आणि कूलर

हा टप्पा बहुतेक प्रोटोकॉलमध्ये नसतो, कारण ते २० अंशांच्या खोल्यांत लिहिलेले असतात.

सीओटू इन्क्युबेटर आतली हवा तापवतो. बहुतेक मॉडेलना ती थंड करता येत नाही. ३७ अंश स्थिर राखायला बाहेरची खोली निदान ५ अंशांनी थंड लागते. नवतप्यात एसी बंद पडला आणि खोली ३८ वर गेली, की इन्क्युबेटरही ३७ च्या वर सरकतो. रात्रीच्या उष्मायनात पेशींवर उष्णतेचा ताण येतो आणि सकाळी पॉझिटिव्ह कंट्रोलही फिका दिसतो. इन्क्युबेटरच्या खोलीचा एसी रात्री बंद होता कामा नये. सुरक्षारक्षकाला तसं सांगा आणि दारावर ठळक कागद लावा.

कूलर कल्चर रूममध्ये तर नकोच, पण तिच्या दाराशी जोडलेल्या कॉरिडॉरमध्येही नको. ओल्या ताट्यांमधून येणाऱ्या दमट हवेबरोबर बुरशीचे बीजाणू येतात. उन्हाळ्यात कल्चरला बुरशी लागायला लागली की आधी मीडियावर संशय घेतला जातो. त्याआधी कूलर कुठे आहे ते बघा.

तपासा: इन्क्युबेटरच्या डिजिटल आकड्यावर न विसंबता आत पाण्याच्या बाटलीत वेगळा थर्मामीटर ठेवा. सीओटू सिलिंडरचा दाब शुक्रवारी पाहूनच घरी जा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर इन्क्युबेटर खरंच उचलतो का, हे प्रयोगाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

## टप्पा २: रक्त घेणं आणि आणणं

सोडियम हेपरिनची नळी घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि टी-पेशी सक्रिय होण्याला कॅल्शियम लागतं. लगेच वेगळं करून धुतलं तर ईडीटीएचं रक्तही चालतं, पण एका अभ्यासात दोन प्रकारच्या नळ्या मिसळू नका.

रक्त घेतल्यापासून शक्यतो ८ तासांच्या आत वेगळं करा. गडचिरोली किंवा चंद्रपूरहून नमुने यायचे असतील तर सकाळी लवकर रक्त घेऊन दुपारी नागपुरात काम सुरू करता येतं. दुपारी घेतलेलं रक्त दुसऱ्या दिवशी हाताळायचा बेत करू नका. शिळ्या रक्तातल्या ग्रॅन्युलोसाइटांची घनता बदलते. त्या खाली न जाता पीबीएमसीच्या थरात अडकतात आणि टी-पेशींचा प्रतिसाद दाबतात.

सावधान: नमुना बर्फावर आणू नका. रक्तपेढीची सवय असलेली माणसं हमखास हे करतात. टी-पेशींच्या कामासाठी रक्त १८ ते २५ अंशांत राहायला हवं. उन्हाळ्यात थर्मोकोलच्या डब्यात, रात्रभर २०-२२ अंशांच्या एसी खोलीत ठेवलेले जेल पॅक भरा, नळ्या मधोमध उभ्या ठेवा आणि आत तापमानाची नोंद ठेवणारा छोटा लॉगर टाका. डबा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, एसी चालू असलेल्या सीटवर ठेवायचा. थंडीत, जानेवारीच्या पहाटे, हाच डबा उलट कामाला येतो.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: दात्याला सिकलसेल आहे का? सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात लाल पेशी आणि केंद्रक असलेल्या लाल पेशी पीबीएमसीच्या थरात बऱ्याच येतात. केंद्रकवाल्या पेशी मोजणीत ‘पांढऱ्या’ म्हणून धरल्या गेल्या, की वेलमध्ये २ लाख टाकल्याचा समज होतो आणि प्रत्यक्षात टी-पेशी त्याहून बऱ्याच कमी असतात. अशा नमुन्यात अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने लाल पेशी फोडा. केंद्रकवाल्या पेशी त्यानेही सगळ्या जातीलच असं नाही, म्हणून शक्य असेल तर सीडी४५ रंगवून फ्लोवर मोजणी पक्की करा.

## टप्पा ३: पीबीएमसी वेगळं करणं

रक्त तेवढ्याच पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) पातळ करा. १.०७७ घनतेचं फायकॉल नळीत घ्या आणि त्यावर रक्त भिंतीच्या कडेने हळू सोडा. ४०० जी, ३० मिनिटं, १८ ते २० अंश, ब्रेक बंद.

तापमान आणि ब्रेक या दोन गोष्टींवर उत्पन्न ठरतं. फायकॉल तापलं की त्याची घनता कमी होते, लाल पेशी झपाट्याने गुठळतात आणि आपल्याबरोबर लिम्फोसाइट खाली ओढून नेतात. बाटली फ्रिजमधून थेट काढली तर उलटं होतं; फायकॉल जड राहतं आणि नको त्या पेशी वर थांबतात. म्हणून बाटली, पीबीएस आणि सेंट्रिफ्यूज तिन्ही एकाच तापमानाला आणायचं. सेंट्रिफ्यूजला कूलिंग असेल तर २० वर लावून रिकामं १० मिनिटं फिरवून घ्या. कूलिंग नसेल तर उन्हाळ्यात सकाळी साडेसात-आठला काम सुरू करा. दुपारी दोनला तेच यंत्र सतत फिरून आतून तापलेलं असतं.

थर कसा दिसायला हवा, हे नीट बघायला शिका. वर पिवळसर प्लाझ्मा, खाली पाण्यासारखं स्वच्छ फायकॉल आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक पातळ, दुधाळ कडं. नळी उजेडासमोर धरली की त्याची वरची कड थोडी धूसर आणि खालची रेघ स्पष्ट दिसते. कडं गुलाबी असेल तर लाल पेशी आल्या आहेत. कडंच नसेल आणि फायकॉलभर धुकं पसरलेलं असेल तर ब्रेक चालू राहिला होता किंवा तापमान चुकलं. अशी नळी ‘चालेल’ म्हणून पुढे नेऊ नका. नोंद करा आणि रक्त शिल्लक असेल तर पुन्हा करा.

कडं पाश्चर पिपेटने गोल फिरवत ओढा, फायकॉल शक्य तितकं कमी घ्या. पहिलं धुणं ३०० जीवर १० मिनिटं, दुसरं २०० जीवर १० मिनिटं. दुसऱ्या धुण्यात वेग कमी ठेवल्याने प्लेटलेट वरच राहतात आणि निघून जातात. प्लेटलेट राहिले तर पेशी गुठळ्या करतात आणि एलिस्पॉटच्या पडद्यावर घाण दिसते.

मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजा. ताज्या पेशी ९५ टक्क्यांच्या वर जिवंत असायला हव्यात.

गोठवणार असाल तर: ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, दर मिलीला सुमारे १ कोटी पेशी, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत द्रव नायट्रोजनच्या टाकीत. उणे ८० च्या फ्रीझरमध्ये महिनोन्महिने ठेवलेल्या पेशी वितळवल्यावर जिवंत दिसतात, पण प्रतिसाद देत नाहीत. डीएमएसओ घातल्यावर पेशी खोलीच्या तापमानाला ठेवायच्या नाहीत. त्या वेळी मधेच फोन घेऊ नका.

वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा छोटा खडा उरेपर्यंतच धरा, मग कोमट मीडिया थेंबाथेंबाने. जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली असतील तर चाचणी करू नका. त्यापेक्षा जास्त असतील तरी रात्रभर ३७ अंशांवर विश्रांती द्या, मग पुन्हा मोजा. विश्रांतीत मरणाऱ्या पेशी मरून जातात आणि वेलमध्ये खरोखर काम करणाऱ्या पेशी जातात. घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग सगळ्या दात्यांचे प्रतिसाद कमी येतात.

## टप्पा ४: पेप्टाइड

पेप्टाइडची कुपी फ्रीझरमधून काढली की उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. पावसाळ्यात थंड कुपी उघडताच आत दव धरतं, पावडर ओली होते आणि पुढच्या वेळी तिचं वजनही खरं राहत नाही.

कुपीवर लिहिलेलं वजन सगळं पेप्टाइडचं नसतं. त्यात क्षार आणि पाणी असतं. निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण कागदपत्रात वेगळं दिलेलं असतं, हिशेब त्यावरून करा. शुद्धता ही आणखी वेगळी गोष्ट. मोठ्या छाननीसाठी ७० टक्के शुद्धतेची पेप्टाइडं चालतात. एकच पेप्टाइड ‘हाच तुकडा’ म्हणून मांडायचा असेल तर ९० टक्क्यांच्या वरचं मागवा.

बहुतेक पेप्टाइडं डीएमएसओत विरघळतात आणि गडबड इथे होते. एक हिशेब करून बघू. ५० पेप्टाइडांचं मिश्रण हवं आहे, प्रत्येकाचा स्टॉक १० मिग्रॅ प्रति मिली. सगळे सारख्या प्रमाणात मिसळले की मिश्रणात प्रत्येक पेप्टाइड २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली राहिलं. वेलमध्ये प्रत्येकी २ मायक्रोग्रॅम प्रति मिली हवं, म्हणजे शंभर पट पातळ करायचं. मिश्रण पूर्ण डीएमएसओत आहे, तेव्हा वेलमध्ये डीएमएसओ १ टक्का झाला. टी-पेशींना हे जास्त आहे, ०.५ टक्क्याखाली, शक्यतो ०.२ च्या आसपास ठेवा. स्टॉक ५० मिग्रॅ प्रति मिली केला तर मिश्रणात प्रत्येकी १ मिग्रॅ प्रति मिली, पाचशे पट पातळ, डीएमएसओ ०.२ टक्के. हा हिशेब पेप्टाइड विरघळवण्याआधी करायचा असतो, नंतर हातात काही उरत नाही.

स्टॉकच्या छोट्या छोट्या कुप्या करा, पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका. सिस्टीन किंवा मेथिओनीन असलेली पेप्टाइडं लवकर ऑक्सिडाइझ होतात, त्यांच्यावर तारीख ठळक घाला.

तपासा: निगेटिव्ह कंट्रोलच्या वेलमध्ये नुसता मीडिया नको. पेप्टाइडच्या वेलमध्ये आहे तितकाच डीएमएसओ तिथेही हवा.

## टप्पा ५: कंट्रोल, आणि भारतातल्या दात्यांचा प्रश्न

पॉझिटिव्ह कंट्रोल दोन घ्या. पहिला अँटि-सीडी३ किंवा पीएचए (टी-पेशींना सरसकट चेतवणारी द्रव्यं), पेशी जिवंत आणि सक्षम आहेत हे दाखवायला. पीएमए-आयोनोमायसिन इथे पुरेसं नाही, कारण ते टीसीआरला वळसा घालून आतली साखळी सुरू करतं. ग्राहीपासूनचा मार्ग ठीक आहे की नाही हे त्यातून कळत नाही. या वेलमध्ये पेशी कमी टाका, नाहीतर सगळा पडदा निळा होऊन मोजताच येत नाही.

दुसरा कंट्रोल पेप्टाइडचाच हवा. बाजारात सीएमव्ही, ईबीव्ही (दोन्ही नेहमी आढळणारे विषाणू) आणि फ्लूच्या निवडक वर्ग १ पेप्टाइडांचं तयार मिश्रण मिळतं. ती पेप्टाइडं प्रामुख्याने युरोपीय लोकांत नेहमी आढळणाऱ्या एचएलए प्रकारांसाठी निवडलेली आहेत. आपला दाता त्याला गप्प राहिला तर पेशी खराब होत्या असं ठरवू नका. सीएमव्हीच्या पीपी६५ प्रथिनाचं पूर्ण, एकमेकांवर चढणाऱ्या १५-अमिनो-आम्ली पेप्टाइडांचं मिश्रण आपल्याकडे जास्त उपयोगी पडतं. भारतातल्या बहुसंख्य प्रौढांना सीएमव्हीची लागण होऊन गेलेली असते आणि पूर्ण प्रथिनाचे तुकडे असल्याने एचएलएची निवड आड येत नाही.

हेच क्षयाच्या प्रतिजनांबाबत उलट्या बाजूने लक्षात ठेवा. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बीसीजीच्या लशीत नसतात, म्हणून लशीमुळे त्यांना प्रतिसाद येत नाही. पण सुप्त क्षयसंसर्ग आपल्याकडे खूप आहे. ‘निरोगी’ दाता म्हणजे ईसॅट-६ साठी निगेटिव्ह कंट्रोल, असं गृहीत धरता येत नाही.

## टप्पा ६: एलिस्पॉट प्लेट

दिवस पहिला, संध्याकाळ. पीव्हीडीएफ पडद्याची प्लेट असेल तर प्रत्येक वेलला १५ मायक्रोलिटर ३५ टक्के इथेनॉल, एक मिनिटाच्या आत काढायचं, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवायचं. पडदा पांढऱ्याचा राखाडी झाला की भिजला. इथेनॉल जास्त वेळ राहिलं तर पडदा गळायला लागतो. मधे कधीही कोरडा होऊ द्यायचा नाही, आणि एसीच्या कोरड्या झोतात तो बघता बघता वाळतो. काही प्लेटना इथेनॉल लागत नाही, पाकिटावरची सूचना वाचा. मग पकड अँटिबॉडी, साधारण १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, वेलला १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर.

दिवस दुसरा. धुवा, सीरम असलेल्या मीडियाने अर्धा तास ब्लॉक करा. आधी पेप्टाइड, मग पेशी. वेलला २ लाख पेशी, प्रत्येक गोष्ट तीन वेलमध्ये, निगेटिव्ह कंट्रोल निदान सहामध्ये. निगेटिव्हचे वेल एका कोपऱ्यात न घेता प्लेटभर विखरा, म्हणजे प्लेटच्या एका बाजूचा दोष लक्षात येतो.

सीरमची नवी बॅच आली की आधी नुसत्या पेशींवर तपासा. काही बॅच पेशींना स्वतःहूनच चेतवतात आणि पार्श्वभूमीचे स्पॉट वाढतात.

प्लेट इन्क्युबेटरमध्ये सपाट ठेवा, एकावर एक रचू नका. १८ ते २० तास तिला हात लावायचा नाही आणि त्या वेळात इन्क्युबेटरचं दार आपटायचं नाही. पेशी जिथे बसली तिथेच तिचा स्पॉट उमटतो. प्लेट हलली की स्पॉटला शेपटी येते.

दिवस तिसरा. पेशी झटकून टाका, पीबीएसने पाच वेळा धुवा. बायोटिन लावलेली शोध अँटिबॉडी २ तास, धुणं, स्ट्रेप्टाव्हिडिन-एएलपी (बायोटिनला चिकटणारं विकर) १ तास, धुणं, मग गाळलेला बीसीआयपी-एनबीटी (त्या विकरामुळे निळा रंग देणारं द्रव्य). या शेवटच्या पायरीला प्रोटोकॉलमधले मिनिटांचे आकडे उपयोगाचे नाहीत. गरम खोलीत रंग फार लवकर चढतो, थंडीत रेंगाळतो. पॉझिटिव्ह वेलमध्ये ठसठशीत स्पॉट दिसू लागले आणि निगेटिव्हचा तळ अजून स्वच्छ आहे, तिथे थांबा. सगळ्या प्लेट एकाच वेळी थांबवा. भरपूर नळाच्या पाण्याने धुवा, तळाचं प्लास्टिक काढून मागूनही धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाणी.

प्लेट अंधारात, खोलीतच वाळू द्या. उन्हात किंवा गरम ओव्हनमध्ये ठेवली तर पडद्याला तडे जातात.

मोजण्याआधी प्लेट डोळ्यांनी बघा. खऱ्या स्पॉटचा मध्य गडद असतो आणि कड विरत जाते. टोकदार कडेचे बारीक काळे ठिपके बहुधा न गाळलेल्या रंगद्रव्याचे कण असतात. सगळे स्पॉट वेलच्या एका चंद्रकोरीत जमले असतील तर प्लेट तिरपी होती. यंत्र हे तिन्ही प्रकार मोजून एक आकडा देईल, म्हणून यंत्राची छायाचित्रं जपून ठेवा.

पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ते प्रयोगाआधी ठरवा. पार्श्वभूमीच्या दुप्पट आणि दहा लाख पेशींमागे निदान ५० स्पॉट, असा नियम अनेक लॅब वापरतात. पार्श्वभूमीच जास्त असेल तर प्लेट रद्द करा, नियम ढिला करू नका.

## टप्पा ७: कोणती पेशी, कोणता एचएलए

एलिस्पॉटमध्ये मिश्रणाला प्रतिसाद आला की एकेक पेप्टाइड वेगळं तपासा. मग त्याच पेप्टाइडवर पेशीअंतर्गत सायटोकाइन रंगवणी: ६ तासांचं उत्तेजन, सुरुवातीच्या एक-दोन तासांनंतर ब्रेफेल्डिन ए (सायटोकाइन पेशीच्या आतच अडवणारं द्रव्य), मग पृष्ठभागावर सीडी३, सीडी४, सीडी८ आणि मृत पेशींचा रंग, त्यानंतर पेशी पक्क्या करून आत इंटरफेरॉन-गॅमा. मृत पेशींचा रंग गाळू नका. मेलेल्या पेशी वाटेल ती अँटिबॉडी चिकटवून घेतात, आणि आपण शोधतोय तो प्रतिसाद शेकड्याच्या एका छोट्या अंशाएवढा असतो.

एचएलएचा वर्ग ठरवायला दोन अँटिबॉडी: डब्ल्यू६/३२ वर्ग १ अडवते, एल२४३ वर्ग २ मधला एचएलए-डीआर अडवते. अँटिबॉडी पेप्टाइडच्या अर्धा-पाऊण तास आधी घाला, सोबत त्याच जातीचा आयसोटाइप कंट्रोल (काहीही न अडवणारी तशीच अँटिबॉडी). सोडियम अझाइड असलेली बाटली इथे चालत नाही. अझाइडने पेशी मरतात, प्रतिसाद ‘अडला’ असं दिसतं आणि त्यावर निष्कर्ष उभा राहतो.

नेमका एचएलए रेणू शोधायचा तर पृष्ठभागावर एचएलए वर्ग १ किंवा २ जवळजवळ नसलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या के५६२ पेशींत एकेकच एचएलए घालून त्यांवर पेप्टाइड लावणं हा सरळ मार्ग आहे.

सावधान: १५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला सीडी८ प्रतिसाद मिळाला, तरी खरा तुकडा त्याच्या आत कुठेतरी ८ ते ११ चा असतो. सीरममधली विकरं लांब पेप्टाइड कापतात. तुकडा कोणता हे छोटी पेप्टाइडं वेगवेगळी मागवूनच ठरतं.

## टप्पा ८: मात्रा उतरवत न्या

एकाच मात्रेवर मिळालेली ओळख अर्धवट असते. नऊ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचं रेणुभार साधारण १,००० असतो, म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे जवळपास १ मायक्रोमोलार. १० मायक्रोमोलारपासून दहा-दहा पटीने १० पिकोमोलारपर्यंत उतरा. सात पायऱ्या होतात. निम्मा प्रतिसाद कुठे मिळतो ते नोंदवा. विषाणूविरोधी सीडी८ पेशी बऱ्याचदा नॅनोमोलार किंवा त्याहूनही कमी मात्रेला जाग्या होतात.

प्रतिसाद फक्त १० मायक्रोमोलारलाच येत असेल तर थांबा. पेप्टाइडमध्ये १ टक्का दुसऱ्या, खऱ्या पेप्टाइडची भेसळ असली तर १० मायक्रोमोलारला ती भेसळ १०० नॅनोमोलार होते, आणि तेवढी एखाद्या चांगल्या टी-पेशीला पुरून उरते. दुसऱ्या खेपेला, शक्य असल्यास दुसऱ्या पुरवठादाराकडून, तेच पेप्टाइड बनवून घ्या आणि पुन्हा मात्रा उतरवा. महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

## टप्पा ९: टेट्रामर

टीसीआर आणि पेप्टाइड-एचएलए यांचं बांधणं कमजोर असतं, विघटन स्थिरांक साधारण १ ते १०० मायक्रोमोलारमध्ये. एकेकटा रेणू लगेच सुटतो. १९९६ साली चार रेणू स्ट्रेप्टाव्हिडिनवर एकत्र बांधून हा अडसर दूर झाला, आणि टेट्रामर तेव्हापासून वापरात आहे.

मागवण्याआधी दात्याचं एचएलए टायपिंग चार अंकी पातळीवर करून घ्या. भारतात ए२ गटात ए*०२:११, ए*०२:०६ असे उपप्रकार बरेच सापडतात. नुसत्या ‘ए२ पॉझिटिव्ह’ या अँटिबॉडीच्या निकालावर ए*०२:०१ चा टेट्रामर वापरला, तर तो न बांधला जाणं म्हणजे ओळख नाही असा अर्थ होत नाही. दात्याच्या टी-पेशी शेजारच्या उपप्रकारावर घडलेल्या असू शकतात.

क्रम असा: पेशींना ५० नॅनोमोलार डासाटिनिब हे औषध, ३७ अंशांवर अर्धा तास. याने ग्राही पेशीच्या आत ओढला जात नाही आणि रंग ठळक येतो. टेट्रामर वापरण्याआधी जोराने फिरवून गुठळ्या खाली बसवा, वरचा भाग घ्या. टेट्रामर आधी, अँटि-सीडी८ नंतर. काही अँटि-सीडी८ क्लोन टेट्रामरचं बांधणं अडवतात, म्हणून हा क्रम उलटवू नका. बी-पेशी, मोनोसाइट आणि मृत पेशी एकाच वेगळ्या रंगात गोळा करून बाजूला काढा. त्याच एचएलएचा, पण असंबद्ध पेप्टाइडचा टेट्रामर आणि तो एचएलए नसलेला दाता, हे दोन कंट्रोल सोबत हवेतच. टेट्रामर ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

वर्ग २ चे टेट्रामर अधिक कटकटीचे: बांधणं आणखी कमजोर, उष्मायन ३७ अंशांवर आणि लांब. पहिल्याच प्रकल्पात ते घेऊ नका.

टेट्रामरने रंगलेली पेशी काम करतेच असं नाही, आणि इंटरफेरॉन देणारी प्रत्येक पेशी टेट्रामरने रंगतेच असंही नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे.

## टप्पा १०: एकच टीसीआर वेगळा काढून

इथवर पोचलात तर टेट्रामरने निवडलेल्या एकेका पेशीतून अल्फा आणि बीटा साखळ्यांचा जोड वाचून तो जुर्कट ७६ सारख्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या आणि स्वतःची साखळी नसलेल्या टी-पेशींत घालता येतो. साध्या जुर्कटमध्ये घातला तर तिची स्वतःची साखळी नव्या साखळीशी चुकीची जोडी जमवते. वर्ग १ चा टीसीआर असेल तर सोबत सीडी८ घालायला विसरू नका. जुर्कट ७६ मध्ये ते नसतं, आणि त्याशिवाय मध्यम ताकदीचे टीसीआर गप्प राहतात. एनएफएटी रिपोर्टरचा प्रकाश मोजताना पुन्हा तीच मात्रांची उतरंड लावा.

पेप्टाइड बाहेरून लावून मिळालेली ओळख, म्हणजे पेशी ते पेप्टाइड स्वतः कापून एचएलएवर मांडते असा पुरावा नव्हे. त्यासाठी पूर्ण प्रथिन आतून बनवणारी किंवा संसर्ग झालेली लक्ष्यपेशी वापरून वेगळी चाचणी करावी लागते. ती केली नसेल तर अहवालात ‘बाहेरून लावलेल्या पेप्टाइडची ओळख’ एवढंच लिहा. सोबत दात्याचा एचएलए, निम्म्या प्रतिसादाची मात्रा, पेप्टाइडची खेप आणि शुद्धता, पेशी ताज्या की गोठवलेल्या, आणि रक्त घेतल्यापासून वेगळं करेपर्यंतचे तास व त्या वेळचं तापमान लिहा.